निजेच्या तासाचं कलम

उचगावकडं जाताना फाउंड्रीची शेडं सुरू व्हायच्या आधी डाव्या हाताला एक बैठी, कौलारू शाळा लागते. दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर तिच्यावरून गेलात तर वाटेल, कुणीतरी मोठं माणूस गेलं असावं आणि शाळेला सुट्टी दिली असावी. दारं लोटलेली, खिडक्या अर्ध्या मिटलेल्या, पटांगणात चिटपाखरू नाही. पण सुट्टी नसते. शाळा झोपलेली असते.

खरोखरच झोपलेली. पहिलीपासून सातवीपर्यंतची पोरं, गुरुजी, बाई, शिपाई ज्ञानू, झाडून सगळे. सावली विद्यालयात नाव घालताना दप्तर नसलं तरी चालतं, पण घरून एक वाकळ आणावी लागते. आईच्या, आज्जीच्या जुन्या लुगड्यांचे तुकडे एकावर एक घालून शिवलेली. जेवणं उरकली की ज्ञानू वर्गावर्गाची दारं हलकेच ओढून घेतो, पोरं वाकळा पसरतात, आणि अर्धा तास त्या इमारतीत श्वासाखेरीज काही ऐकू येत नाही. याला तिथं निजेचा तास म्हणतात. त्यावर नाक मुरडणारे गावात पुष्कळ आहेत. मुरडेनात का! ज्यांना झोप लागत नाही त्यांनी लागणाऱ्यांना नावं ठेवायची, हे जगात पहिल्यापासून चालत आलेलं आहे.

ही चाल पाडली आण्णांनी, म्हणजे शाळा काढणाऱ्या गुरुजींनी. शाळेत येणारी पोरं कसली, तर पहाटे बापाबरोबर म्हशीच्या धारा काढायला बसणारी, आईला हार ओवू लागणारी, रात्रपाळीहून परतलेल्या बापाला दार उघडणारी. दुपारी त्यांचे डोळे मिटायचे. आण्णांनी वर्षभर पालथ्या घड्यावर पाणी ओतलं आणि मग एक दिवस फळा पुसून म्हणाले, "झोपा रे. उठल्यावर शिकवतो." उठल्यावर पोरांनी जे शिकून घेतलं ते बघून त्यांनी नियमच केला. बुडालेला अर्धा तास भरून काढायला शाळा इतरांपेक्षा लवकर भरू लागली. सरकारी साहेब तपासणीला यायचे, तास मोजायचे, बेरीज बरोबर यायची आणि डोकं खाजवत परत जायचे.

आण्णा जाऊन बरीच वर्षं झाली. आता मुख्याध्यापिका नंदिनीबाई हेर्लेकर, आणि शाळा चालवणाऱ्या सावली शिक्षण मंडळाच्या अध्यक्षाही त्याच. बाई शहरातल्या शिक्षकाच्या घरातल्या. पहिल्या दिवशी त्यांना हा प्रकार अगदीच गावंढळ वाटला होता. आठवड्याभरात त्याही खुर्चीत मान टाकून झोपू लागल्या, आणि त्यांना स्वप्नं पडू लागली. स्वप्नात शाळाच असायची. फक्त जरा पाण्याखाली बुडाल्यासारखी, हिरवट उजेडातली. आण्णा वर्गातून अनवाणी फिरत असायचे आणि ज्या पोराचे पाय उघडे पडले असतील त्याच्यावर वाकळ ओढायचे. एवढंच. बाकी काही घडायचं नाही. बाईंना त्या स्वप्नाचा कधी कंटाळा आला नाही. उलट जागेपणी त्यांचेही हात तेच शिकले. रोज डोळा लागण्याआधी आणि उठल्याबरोबर त्या वर्गांतून एक फेरी मारायच्या आणि उघडे पाय झाकायच्या.

आता मुख्य भानगड. शाळेचा पट दरवर्षी उतरत चालला होता. निवृत्त झालेल्या गुरुजींच्या जागा भरल्या जात नव्हत्या. पुढच्या जूनपर्यंत असंच राहिलं तर शाळेची मान्यताच जाण्याची वेळ होती. अशा वेळी दक्षिणदीप शिक्षण संस्थेचे चेअरमन बाळासो इंगवले यांनी निरोप धाडला, "सावली मंडळ आमच्यात विलीन करा. शाळा चालू ठेवतो." दक्षिणदीप म्हणजे मोठं प्रस्थ. काचेच्या इमारती, पिवळ्या बसगाड्या, टाय लावलेली पोरं. बाईंनी चार रात्री विचार केला आणि हो म्हणून टाकलं. शाळा जगली पाहिजे, यात त्यांना दुसरं मत नव्हतं.

पण दोन खासगी संस्था एक करायच्या म्हणजे दोन घागरींतलं पाणी एकीत ओतण्याइतकं सोपं नसतं. मंडळाचे वकील दत्तप्रसाद सांगवडेकर यांनी ते नीट समजावून सांगितलं. विलीनीकरणाची योजना लिहायची. ती सभासदांना आधी पाठवायची. मग खास सभा, आणि पाचांत तिघांनी तरी होकार द्यायचा. तेवढ्यानंही भागत नाही. मध्ये एक महिना जाऊ द्यायचा आणि दुसरी खास सभा घेऊन तोच होकार पुन्हा द्यायचा. तेव्हा कुठं प्रकरण धर्मादाय कार्यालयाकडं आणि शिक्षण खात्याकडं जाणार.

"दोनदा कशाला?" बाईंनी विचारलं होतं.

"माणूस एकदा चुकतो, बाई. कायद्याला ते ठाऊक असतं," वकील म्हणाले. दत्तप्रसाद सभ्य, कोरडा माणूस. कागद सोडून कशाकडं सहसा बघायचा नाही.

पहिली सभा त्यांच्या सोयीनं ठेवली. सकाळी त्यांना कोर्ट, म्हणून सभा दुपारी. आणि लांबून सभासद येणार म्हणून आधी जेवण. ज्ञानूनं आमटी-भात केला आणि वर बासुंदी. आता हे सभासद कोण? शाळेचे जुने शिक्षक, जुने विद्यार्थी, पालक. म्हणजे ज्यांनी कित्येक वर्षं त्याच फरशीवर, त्याच वेळेला झोपून काढली असे बहुतेक सगळे. दक्षिणदीपतर्फे पाहुणे म्हणून बाळासो एकटेच आले आणि शेवटच्या रांगेत बसले. ज्ञानूनं सवयीनं दारं ओढून घेतली. पंखा फिरत होता. दत्तप्रसाद उभे राहून एका सुरात योजना वाचू लागले, "कलम एक, व्याख्या. विलीन होणारी संस्था म्हणजे..."

पुढचं बाईंना सांगता येणार नाही. उजेड हिरवट झाला एवढं त्यांना आठवतं. आण्णा आले. रांगेतून चालत गेले. शेवटी कुणीतरी अनोळखी, मोठा माणूस पोरांच्यात झोपलेला होता. आण्णा त्याच्यापाशी थांबले, बाईंकडं वळले आणि काहीतरी बोलले. तेवढ्यात दुरून कुणाचा तरी आवाज आला, "मंजूर?" आणि साखर कारखान्याच्या सभांनी ज्या जिल्ह्याच्या हाडीमाशी हा शब्द मुरवलाय, तिथल्या माणसांनी झोपेतच एका गळ्यानं उत्तर दिलं, "मंजूर, मंजूर!" अध्यक्षांच्या खुर्चीतून बाईही म्हणाल्या. आपल्याच आवाजानं त्या जाग्या झाल्या. दत्तप्रसाद टोपणात पेन खोचत होते.

योजना बाईंनी दुसऱ्या दिवशी सावकाश वाचली. पाठवली तेव्हा वरवर चाळली होती, तीच ही. शिक्षकांच्या नोकऱ्या, सेवाज्येष्ठता, इमारत, बाकडी, सगळं जागच्या जागी होतं. आणि मध्येच एक ओळ होती. संस्थेच्या सर्व शाळांना एकच वेळापत्रक लागू राहील. ते वेळापत्रक शेवटी जोडलं होतं. जेवणाच्या सुट्टीनंतर लगेच गणित. बाईंनी ते पान उलटून पालटून पाहिलं. निजेचा तास कुठंच नव्हता.

त्या तडक कसबा बावड्याला, दत्तप्रसादांच्या घरी गेल्या.

"योजनेत जे लिहिलेलं नाही ते विलीन झाल्यावर उरत नाही," वकील म्हणाले. "तोंडी शब्दाला तिथं किंमत नसते. दुसऱ्या सभेत ही योजना आहे तशी मान्य करायची, नाहीतर फेटाळायची."

"फेटाळली तर शाळा जाते."

"हो."

"आणि मान्य केली तर निजेचा तास जातो."

"शाळा राहते की."

अंगणात पिवळ्या शेवंतीचा ताटवा होता, बाई त्याच्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "दत्तप्रसाद, खरं सांगू? पहिल्या सभेत आम्ही सगळे झोपलो होतो."

वकिलांनी चष्मा काढला. "माना खाली होत्या. मला वाटलं, कागद वाचताहेत." मग थोडा वेळ विचार करून ते म्हणाले, "तसं असेल तर पहिली सभाच टिकत नाही. नव्यानं सुरुवात करता येईल, योजनेत कलम घालता येईल. पण बाई, ते तुम्हाला भर सभेत सांगावं लागेल आणि ते इतिवृत्तात लिहिलं जाईल. शाळेचं भवितव्य ठरत होतं आणि अध्यक्षांसकट संस्था घोरत होती. कोल्हापूरभर हसतील. आणि शिक्षण खातं विचारील, हेच शिकवता का तुम्ही?"

हे मात्र बाईंच्या वर्मी लागलं. आपली फजिती त्यांनी सोसली असती. पण हसतील ते आण्णांना. आयुष्यभर त्या माणसानं लोकांना पटवलं की पोर झोपलं म्हणजे आळशी होत नाही. आणि आता त्याचीच शाळा म्हणणार, आम्ही झोपेत अंगठा दिला. निजेचा तास वाचवायचा तर निजेच्या तासालाच बट्टा लावायचा. इकडं आड, तिकडं विहीर.

कायद्यानं दिलेला तो महिना असा सुरू झाला. गुऱ्हाळांचे दिवस होते. संध्याकाळी वारा फिरला की गुळाचा वास सगळ्या शहरावर पसरायचा, इतका दाट की बाईंना वाटायचं आपण चालत नाही, त्या वासातून तरंगतो आहोत. सकाळी पंचगंगेवर धुकं असायचं आणि पुलावरच्या उसाच्या ट्रॉल्या धुक्यातून निघून धुक्यातच जायच्या. बाई रोज दुपारी झोपायच्या आणि ते स्वप्न पुरं व्हायची वाट बघायच्या. आण्णा काय म्हणाले होते? तो माणूस कोण होता? स्वप्न यायचं, आण्णा यायचे, शेवटच्या रांगेपर्यंत जायचे, आणि तिथं आता फक्त एक मोकळी जागा असायची. आण्णा तिच्याकडं बघून बाईंकडं बघायचे. ओठ हलायचे. आवाज यायचा नाही.

एके दिवशी धीर करून बाई बाळासोंच्या ऑफिसात गेल्या. चेअरमन मूळचे नेसरीकडचे. बापाची चार पट्ट्या शेती, हा गुळाच्या व्यापारातून वर आला. खोलीच्या खिडकीतून रंकाळा दिसत होता. भिंतीवर त्यांच्या पत्नीचा फोटो होता, हार अजून नव्या मोत्यांचा. बाळासोंचे डोळे लालभडक होते. टेबलावर चहाचे तीन रिकामे कप होते आणि चौथा हातात.

"या बाई, बसा. च्या सांगतो. बोला, काय आडलंय?"

"निजेचा तास योजनेत घाला," बाई म्हणाल्या.

बाळासो हसले. "आवो बाई, तुमची शाळा मी पाडत न्हाई. गुर्जी एक बी घरात बसणार न्हाई. पोरांस्नी बस देतो, कॉम्प्युटर देतो. आणि तुमी मागताय काय, तर झोप? पोरं शाळंत शिकाय येत्यात. झोपायचं आसंल तर घरात झोपावं."

"घरात झोपायला मिळत असतं तर मी आलेच नसते."

"घरात तरी कुणाला लागती म्हणा," बाळासो पुटपुटले आणि रंकाळ्याकडं बघत राहिले. मग एकदम सावरून म्हणाले, "न्हाई जमायचं. उद्या माज्या बाकीच्या शाळा म्हणतील, आमाला बी पायजे. मग मी काय हातरुणं वाटत बसू?"

"पहिल्या सभेत..."

"त्या सभंचं काढू नगा!" चेअरमन इतक्या जोरात म्हणाले की कपातला चहा बशीत सांडला. "झालं ती झालं. आता दुसऱ्या सभंलाच भेटू."

उठताना बाईंचं लक्ष कोपऱ्यातल्या सोफ्याकडं गेलं. महागड्या उशीखाली एक जुनी, विटकी वाकळ घडी घालून ठेवली होती. आईची असेल, असं बाईंना वाटलं, आणि मनात नसतानाही त्या माणसाबद्दल त्यांना थोडं बरं वाटलं.

त्या संध्याकाळी बाई दूधकट्ट्यावर गेल्या. कट्ट्यावर म्हशी उभ्या होत्या, लोक पेले पुढं करत होते, तानाबाई धार काढत होती. तानाबाई सावलीची जुनी विद्यार्थिनी, मंडळाची सभासद, आणि आता तिची पोरगी क्रांती त्याच शाळेत चौथीला. गिऱ्हाइकांची गर्दी सरल्यावर बाईंनी तिला सगळं सांगितलं.

"म्हंजी आमी मंजूर म्हणलो?" तानाबाईचा हात थांबला.

"म्हणालीस. सगळ्यात मोठ्यानं."

"आता गं बया! माज्या सपनात तर साबण सस्ता झालता, त्याला मी मंजूर म्हणलो." ती खदाखदा हसली आणि मग पुन्हा धारेला बसली. "बाई, माजी क्रांती पाटंचं माज्याबरोबर उठती. म्हशी काय सूर्य बघून दूध देत न्हाईत. त्या पोरीच्या वाट्याला दिवसात एक अर्धा तास हाय, ज्यात तिला कोण उठ म्हणत न्हाई. त्यो बी काढून घेणार व्हय?"

"काढून घ्यायचा नसेल तर भर सभेत सांगावं लागेल, आम्ही झोपलो होतो म्हणून. लोक हसतील, तानाबाई. आण्णांना हसतील."

"हासूनशान किती हासतील? दात दुखल्यावर गप बसतील." तानाबाईनं पेला फेसासकट बाईंच्या हातात दिला. "आण्णा आसतं तर काय केलं आसतं, ते मला ठावं हाय. ते म्हणलं आसतं, हासा, पर हळू हासा. पोरं झोपल्यात."

बाई दूध न पिताच बराच वेळ उभ्या राहिल्या. पेल्याची ऊब तळहाताला लागत होती. म्हशीचा मोठा, काळा डोळा त्यांच्याकडं बघत होता आणि त्यात कट्ट्यावरचे दिवे लहान लहान होऊन पेटले होते. त्या डोळ्यात बघता बघता बाईंचं ठरलं.

दुसरी सभा त्यांनी मुद्दाम त्याच वेळेला ठेवली. मात्र जेवण नाही. ज्ञानूला सांगून कोऱ्या चहाचं पातेलं चुलीवर ठेवलं आणि प्रत्येकाला दारातच एक पेला पाजला. शेजारच्या वर्गांत पोरं झोपली होती. इकडं मोठी माणसं डोळे ताणून बसली होती. तानाबाई तर उभीच राहिली, बसले तर पडेन म्हणाली. बाळासो या वेळी दक्षिणदीपच्या दोन विश्वस्तांना घेऊन आले आणि पुन्हा शेवटच्या रांगेत बसले. त्यांच्या काखेत एक गाठोडं होतं.

दत्तप्रसादांनी वाचायला सुरुवात करण्याआधीच बाई उठल्या. त्यांनी टेबलाची कड धरली.

"इतिवृत्तात लिहून घ्या, वकीलसाहेब. मागच्या सभेत ही योजना मंजूर झाली तेव्हा सभासद झोपले होते. मी अध्यक्ष होते आणि मीही झोपले होते. आमचा होकार जागेपणीचा नव्हता."

मग दोघं विश्वस्त हसले. एकानं दुसऱ्याला टाळी दिली. "म्हंजे शाळा अशीच चालती म्हणायची!" बाईंचे कान तापले, डोळ्यांत पाणी उभं राहिलं. त्यांना त्या घडीला खरंच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हसा," त्या म्हणाल्या. "पण पलीकडं पोरं झोपली आहेत, हळू हसा. आमची शाळा अशीच चालते. ज्याला झोप हवी त्याला आम्ही इथं झोपू देतो, मग शिकवतो. ते योजनेत लिहायचं राहिलं. ते लिहा, मग आम्ही जागेपणी मंजूर म्हणू."

दत्तप्रसाद घसा खाकरून म्हणाले, "अध्यक्ष म्हणतात ते लिहून घेतो. पण ज्यांनी मत दिलं तेच आता फिरले, असा आक्षेप उद्या दक्षिणदीप घेऊ शकेल. सभासद नसलेल्या कुणी पाहिलं असेल तर बरं. मी तर कागदात होतो. पाहुणे म्हणून इंगवलेसाहेब हजर होते." ते शेवटच्या रांगेकडं वळले. "साहेब, त्या दिवशी ही मंडळी झोपलेली आपण पाहिली का?"

सगळ्या माना मागं वळल्या. बाळासो मांडीवरच्या गाठोड्याकडं बघत होते. विश्वस्तांपैकी एकजण कानात कुजबुजला, "नाही म्हणा, विषय संपला." बाळासोंनी त्याला हातानं बाजूला केलं आणि उभे राहिले.

"मी कुटलं बघणार," ते म्हणाले. "मी बी झोपलोतो की."

हसणाऱ्यांचं हसू तोंडातच राहिलं.

"ही गेली," बाळासो म्हणाले. कोण गेली हे त्यांनी सांगितलं नाही, पण सगळ्यांना कळलं. "तवापासनं मला झोप न्हाई. गोळ्या झाल्या, डाक्टर झालं, जोतिबाला खेटं घातलं. आडवा पडलो की घर खायला उठतंय. आणि त्या दिशी तुमच्या हितं वकील काय तर वाचतोय, पंखा फिरतोय, आन् माजं डोळं कवा मिटलं मला कळलं न्हाई. उठलो तर कुणीतर माज्या अंगावर वाकळ टाकलीती. मला लाज वाटली. गडबडीत तशीच काखंत मारून गाडीत बसलो. रोज म्हणतो परत करावी. पर ती उशाला घेटली की वाईच डोळा लागतोय बगा." त्यांनी गाठोडं सोडलं. विटकी, हिरव्या-जांभळ्या तुकड्यांची वाकळ. "बाई, कुणा पोराची आसंल, त्येला द्या. थंडीत ते कशावर झोपलं आसंल, ह्येच मला रोज वाटतंय."

बाईंनी ज्ञानूकडं पाहिलं. ज्ञानूनं मान हलवली, तो त्या दिवशी उंबऱ्यातच आडवा झाला होता. वाकळ कुणी टाकली? बाईंच्या हातांना एकदम काहीतरी आठवलं. कापडाचा खरबरीत स्पर्श, मोठे, उघडे पाय. इतकी वर्षं जे जागेपणी केलं ते हातांनी त्या दिवशी झोपेतही केलं होतं की काय? की आण्णाच आले होते? दोन्ही एकाच वेळी खरं असावं, असं बाईंना वाटलं आणि त्यांनी त्याचा आणखी तपास केला नाही.

"लिवा वकीलसायेब," बाळासो म्हणाले. "सभा झोपंत झाली, ह्याला मी साक्षी. आणि त्यो तास योजनंत घाला. आमच्या संस्थंत बी सभा परत घिऊ. कोण न्हाई म्हणतंय ते मी बगतो." दोघं विश्वस्त आपापल्या बुटांकडं बघू लागले.

दत्तप्रसादांनी कोरा कागद घेतला. मागची सभा रद्द, नवी नोटीस, नवी सभा, पुन्हा महिना, असं सगळं सांगून ते कलम लिहू लागले. कायद्याच्या शब्दांत त्यांनी ते तीनदा लिहून तीनदा खोडलं. विश्रांती म्हणावं, तर सरकारी साहेब तिचा दुसराच अर्थ काढतील. ध्यान म्हणावं, तर ते खोटं. शेवटी त्यांनी सरळ लिहिलं, सावली विद्यालयात दुपारच्या जेवणानंतर अर्धा तास मुलांना झोपू द्यावे व कोणीही त्यांना उठवू नये.

लिहायला त्यांना बराच वेळ लागला. पंखा फिरत होता. कोऱ्या चहाचा जोर तेवढाच. कलम पुरं करून त्यांनी वर पाहिलं तर तानाबाई भिंतीला टेकून उभ्या उभ्याच गेली होती. जुने गुरुजी एकमेकांच्या खांद्यावर होते. हसणारा विश्वस्त तोंड उघडं टाकून झोपला होता. आणि शेवटच्या रांगेच्या मागं, फरशीवर, कोट काढून, बूट बाजूला ठेवून बाळासो इंगवले अंगाची मुटकुळी करून पडले होते. पाय उघडे होते.

जागे दोघंच होते, बाई आणि दत्तप्रसाद. दत्तप्रसाद कागद घेऊन बाळासोंकडं निघाले. "मसुद्यावर साहेबांची सही घेतो, नंतर कटकट नको." ते वाकले आणि बाळासोंच्या खांद्याला हात लावणार, तेवढ्यात बाईंना ते स्वप्न आरपार आठवलं. हिरवट उजेड, रांगेच्या शेवटी झोपलेला तो मोठा माणूस, त्याच्यापाशी थांबलेले आण्णा. आणि त्यांचे शब्द.

"याला उठवू नको, नंदिनी. याची लई दिवसांची झोप राहिलीय."

"उठवू नका," बाई म्हणाल्या.

"पण सही?"

"होईल सही. कायद्यानं महिना दिलाय ना आपल्याला?"

त्यांनी ती वाकळ उचलली, बाळासोंच्या पायांवर ओढली आणि कड नीट खोचली. दत्तप्रसाद कागद हातात धरून थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग त्यांनी चष्मा काढला. डोळे चोळले. शेजारच्या वर्गातून पोरांचे श्वास एका लयीत ऐकू येत होते.

"बाई," ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "एखादी वाकळ जादा असेल का?"

बाईंनी कोपऱ्यातल्या जुन्या वाकळांच्या चळतीकडं बोट दाखवलं आणि दार ओढून घेतलं.